चौकोनी नळी, बेअरिंगचे छर्रे आणि लोखंडाची भुकटी: कॅनिस्टर पद्धतीने नक्षीदार सुरी घडवताना

नक्षीदार पोलाद म्हटलं की पट्ट्यांची चवड आठवते. साध्या कार्बन पोलादाची एक पट्टी, तिच्यावर निकेलवाल्या १५एन२० पोलादाची दुसरी, पुन्हा पहिली. कडेने वेल्ड मारायचं, टाकणखार टाकून तापवायचं आणि ठोकायचं. पद्धत उत्तम आहे. पण नाशिकमध्ये बसून १५एन२० किलो-दोन किलोच्या हिशेबात मिळवणं ही डोकेदुखी आहे. उलट बेअरिंगचे छर्रे, चेनचे तुकडे, बँडसॉची मोडकी पाती यांची इथे ददात नाही. सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या कारखान्यांतून आणि टूलरूममधून असा माल सतत बाहेर पडतो. तो चिल्लर असल्यामुळे रचता येत नाही, म्हणून त्याला डबा लागतो. लोखंडी चौकोनी नळीत माल भरायचा, फटींत लोखंडाची भुकटी ओतायची, तोंड बंद करायचं आणि अख्खा डबा तापवून दाबायचा. हीच कॅनिस्टर पद्धत.

यात प्रेस किंवा घण हे काम सर्वांत दिसणारं, पण निकाल त्याआधीच लागलेला असतो. डबा कसा भरला आणि मध्यापर्यंत किती वेळ तापवला, यावर पातं जमणार की भेगाळणार हे ठरतं. म्हणून या लेखात भरण्या-तापवण्याला जास्त जागा दिली आहे आणि धार लावण्यासारख्या गोष्टी पळत-पळत उरकल्या आहेत.

आत काय घालायचं, काय नाही

पहिल्या कामासाठी छर्रे आणि भुकटी एवढंच घ्या. बेअरिंगचा छर्रा बहुधा ईएन३१ पोलादाचा असतो: साधारण १ टक्का कार्बन आणि १.५ टक्के क्रोमियम. ६ ते १० मिलिमीटरचे छर्रे सोयीचे. जुनं बेअरिंग फोडलं तर पिंजरा, रबरी सील आणि ग्रीस बाजूला काढा. छर्रे डिझेलने धुवा, मग थिनरने, मग कोरडे करा. ग्रीसचा ओशटपणा राहिला तर त्याची काजळी सांध्यात बसते.

सायकलच्या दुकानात मिळणाऱ्या स्वस्त छर्‍यांबाबत सावध राहा. त्यांतले बरेच कमी कार्बनचे असतात आणि फक्त वरचं कवच कडक केलेलं असतं. एक छर्रा मधोमध कापा आणि आतला भाग ग्राइंडरला लावा. ईएन३१च्या ठिणग्या दाट, फांद्या फुटलेल्या, पिवळ्या असतात. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात, टोकाला फारशा फुटत नाहीत. स्टेनलेसच्या ठिणग्या आखूड आणि तांबूस. चुंबकावर भरवसा ठेवू नका, कारण ४४० जातीचं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं.

काही गोष्टी डब्यात अजिबात जाता कामा नयेत. गॅल्व्हनाइज्ड काहीही नको, ना आत ना डब्यासाठी. जस्ताचा धूर छातीत गेला की त्या रात्री थंडी वाजून ताप भरतो. बिडाचा चुरा नको: बीड साधारण ११५० अंशांनाच वितळायला लागतं, म्हणजे आपल्या कामाच्या तापमानाला ते डब्यात पाणी झालेलं असेल. ग्राइंडिंगखालची काळी भुकटी फुकट मिळते म्हणून उचलू नका, तिच्यात चाकाचे दगडी कण आणि कूलंट असतं. स्टेनलेस आणि ड्रिलचे तुकडेही पहिल्या कामात नकोत, त्यांच्यावरचा क्रोमियम ऑक्साइडचा थर जोड होऊ देत नाही.

भुकटी आणि कार्बनचा हिशेब

परदेशी कारागीर सर्रास १०८४ जातीच्या पोलादाची भुकटी वापरतात, तिच्यात ०.८४ टक्के कार्बन असतो. आपल्याकडे सहज मिळते ती सिंटर केलेले (भुकटी दाबून, भाजून घडवलेले) सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगाची लोखंडी भुकटी, आणि तिच्यात कार्बन जवळजवळ नसतोच. मग पातं मऊ राहील का? कागदावर मांडून बघा.

५० × ५० मिलिमीटर बाहेरून, २ मिलिमीटर जाडीची आणि आतून ११० मिलिमीटर खोल अशी नळी घेतली तर आतली जागा साधारण २३० घन सेंटिमीटर होते. त्यात सुमारे १.१ किलो छर्रे आणि ३०० ग्रॅम भुकटी बसते. छर्‍यांतला कार्बन ११ ग्रॅम, भुकटीतला शून्य. एकूण १.४ किलोत ११ ग्रॅम म्हणजे सरासरी ०.७८ टक्के. सुरीला पुरेसा आहे.

प्रश्न फक्त तो पसरण्याचा. १२०० अंशांना कार्बन तासाभरात पोलादातून मिलिमीटरच्या आसपास अंतर कापतो. डबा दाबून, लांबवून आतले थर पातळ होत गेले की तो बऱ्यापैकी सगळीकडे सारखा होतो. क्रोमियम आणि निकेल मात्र जागचे फारसे हलत नाहीत. नक्षी टिकते ती याच्यामुळे: कार्बन मिसळतो, क्रोमियम जिथल्या तिथे राहतं, आणि आम्ल दोन्ही भागांना वेगवेगळं खातं.

तरीही मी भुकटीत थोडं ग्रॅफाइट घालायला सांगेन. ३०० ग्रॅम भुकटीला २ ते २.५ ग्रॅम, सोनाराच्या काट्यावर मोजून, कोरड्या बरणीत चांगलं घोळवून. अंदाजपंचे चमचा मारू नका. ग्रॅफाइट हलकं असल्यामुळे चमचाभर दिसतं थोडं आणि होतं भलतंच.

डबा

साधी काळी एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे मऊ लोखंडाची) चौकोनी नळी घ्या. खालचं झाकण ३ मिलिमीटर पत्र्याचं, चारी बाजूंनी पूर्ण वेल्ड केलेलं. आतला गंज पॉलिश पेपरने काढा.

आता व्हाइटनर, कचेरीत खोडायला वापरतात तोच. त्यातल्या टायटॅनियम डायऑक्साइडमुळे डब्याची भिंत आतल्या मालाला चिकटत नाही आणि नंतर सालासारखी सोलता येते. पातळ दोन हात द्या, झाकणाच्या आतल्या बाजूलाही. मग रात्रभर सुकू द्या, शक्यतो उन्हात किंवा शंभरेक अंशांच्या ओव्हनमध्ये. ओल राहिली तर तिची वाफ होते आणि बंद डब्यात वाफेला जागा नसते. पावसाळ्यात तर एक दिवस जास्तच थांबा.

भरताना घाई करू नका. दोन बोटं उंचीचा छर्‍यांचा थर टाका, कागदाच्या नरसाळ्यातून भुकटी सोडा आणि डबा जाड लाकडी ठोकळ्यावर आपटत राहा. भुकटी खाली जाताना दिसते, वरचे छर्रे उघडे पडतात, मग पुन्हा भुकटी. आपटताना आवाज ऐका. सुरुवातीला आत खडखड येते, फटी भरत गेल्या की ती बसकी होत जाते, आणि शेवटी डबा भरीव ठोकळ्यासारखा वाजतो. तो आवाज आला की पुढचा थर. छर्रे निम्म्याहून थोडी जास्तच जागा खातात, बाकीची भुकटीने भरायची असते, आणि भुकटीतही हवा असतेच. म्हणून दाबल्यावर डब्याचा आकार पाव हिश्शाच्या आसपास कमी होणार हे गृहीत धरा.

वरच्या झाकणाला २ मिलिमीटरचं एक भोक पाडा. झाकण घट्ट बसवून पूर्ण वेल्ड करा. वेल्डिंग बाहेरून करून घेणार असाल तर वेल्डिंगवाल्या भाऊंना आधीच सांगा की हा शोभेचा जॉब नाही, एकही पिनहोल चालणार नाही. नाहीतर ते चार टाके मारून "झालं बघा" म्हणून हातात देतील. थंड झाल्यावर त्या भोकातून शिलाई मशीनच्या तेलाचे आठ-दहा थेंब सोडा. भट्टीत ते जळतं आणि आतला प्राणवायू खाऊन टाकतं. काही कारागीर भोक न ठेवता डबा सीलबंद करतात. त्यांचंही जमतं, पण नवशिक्याने बंद डब्यात दाब कोंडण्याच्या भानगडीत पडू नये असं माझं मत आहे.

शेवटी खालच्या झाकणाला हातभर लांब १२ मिलिमीटरची सळई वेल्ड करा. सांडशीपेक्षा याने डबा नीट फिरवता येतो.

भट्टी

भाता आणि दगडी कोळशावरही हे होतं, पण डबा सर्व बाजूंनी सारखा तापवायला गॅसची भट्टी बरी. सिरॅमिक वूलचं अस्तर, त्यावर अग्निरोधक सिमेंटचा लेप. लेप द्यायचाच, कारण उघड्या वूलचे बारीक धागे फुप्फुसात जातात. गॅस व्यावसायिक सिलिंडरचा. घरगुती सिलिंडर यासाठी वापरणं नियमबाह्य आहे. थंडीत, विशेषतः निफाडकडे पारा खाली जातो तेव्हा, एका सिलिंडरचा दाब अर्ध्या कामातच पडतो. दोन सिलिंडर जोडून ठेवा. शेड दोन बाजूंनी उघडी हवी, कारण कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग.

ज्योत किंचित गॅसकडे झुकलेली ठेवा, म्हणजे भट्टीच्या तोंडातून थोडी ज्वाळा बाहेर येईल. डबा आत गेल्यावर काही मिनिटांत झाकणाच्या भोकातून लहानशी पिवळी ज्योत निघते. ते आतलं तेल जळतंय. ती विझली की आतली हवा बरीचशी संपली.

लक्ष्य १२०० ते १२५० अंश. थर्मोकपल (भट्टीचं तापमान मोजणारं साधन) असेल तर उत्तम, नसेल तर रंग: नारिंगी नव्हे, लिंबासारखा पिवळा. डबा आणि भट्टीची भिंत यांच्या रंगात फरक दिसेनासा झाला पाहिजे. गॅस वेल्डिंगचा काळा चष्मा लावूनच बघा. त्यापुढे नेऊ नका. १ टक्का कार्बनचं पोलाद १३०० अंशांकडे गेलं की जळायला लागतं आणि तारे उडतात. असं जळालेलं पोलाद परत ताळ्यावर येत नाही.

बाहेरचा रंग आला म्हणजे आत तापलं असं नाही. सुटी भुकटी उष्णता फार हळू पोचवते. ५० मिलिमीटरच्या डब्याला पूर्ण रंग आल्यानंतर आणखी ३० ते ४० मिनिटं द्या आणि दर पाच-सात मिनिटांनी पाव वळसा फिरवा. या अर्ध्या तासात गॅसचा आकडा बघून माणसाचा धीर सुटतो. इथे वाचवलेला गॅस पुढे भेगांच्या रूपाने वसूल होतो.

दाब

पहिला दाब लाडू वळताना देतात तसा: आवळायचं, चिरडायचं नाही. २० टनांच्या आसपासची हायड्रॉलिक प्रेस असेल तर एका बाजूने ३ मिलिमीटर, लगेच पाव वळसा देऊन दुसऱ्या बाजूने ३ मिलिमीटर, आणि परत भट्टीत. रंग नारिंगीवर उतरला की थांबा, थंड डब्यावर जोर लावला की कोपऱ्याचं वेल्ड उसवतं. उसवलंच तर तसंच रेटू नका. पूर्ण थंड करा, घासून परत वेल्ड मारा आणि पुन्हा तापवा. डब्याची तोंडंही एकदा उभी धरून हलकी दाबून घ्या.

प्रेस नसेल तर? जोडीला घण मारणारा मजबूत माणूस आणि ३८ मिलिमीटरची लहान नळी घेऊन हाताने होतं. एकट्याने ५० मिलिमीटरच्या डब्याशी झुंजू नये. एमआयडीसीत कुणाकडे पॉवर हॅमर किंवा प्रेस असेल तर तासाच्या हिशेबाने बोलून बघा, मात्र भट्टी शेजारीच हवी. पेटता डबा घेऊन आवार ओलांडणं हा वेडेपणा आहे.

चार-पाच तापांत ५० मिलिमीटरचा डबा ३६-३७ वर आला की आतला माल बहुतेक एकजीव झालेला असतो. खात्रीसाठी डबा बाहेर काढून लाल होईपर्यंत थांबा आणि अंधाऱ्या बाजूने निरखा. आत कुठे जोड सुटला असेल तर तिथली वरची कातडी आधी काळवंडते आणि सावलीसारखी रेघ उमटते, कारण आतली उष्णता ती फट ओलांडून येत नाही. रेघ दिसली तर पूर्ण तापवून पुन्हा दाब. रेघ नसेल तर पुढे चला.

साल काढणं

डबा थंड झाल्यावर समोरासमोरचे दोन कोपरे चार इंची ग्राइंडरने उभे कापा, खोली नळीच्या जाडीएवढी. फटीत छिन्नी घालून उचकटलं की साल निघते. जिथे चिकटली असेल तिथे घासून काढा, आणि त्यानंतरही सर्व बाजूंनी आणखी १ मिलिमीटर घासा. डब्याच्या मऊ लोखंडाने शेजारच्या पोलादातला कार्बन शोषून घेतलेला असतो. तो थर पात्यावर राहिला तर धारेला ऐन जागी मऊ ठिगळ येतं.

आता हातात जी लगड आहे तिच्यावर कुठेही केसाएवढी भेग दिसली तर ती आत्ताच ग्राइंडरने खणून काढा. ठोकून भेग मिटत नाही, लांबते.

लगडीपासून पातं

छर्‍यांची नक्षी लगडीच्या आडव्या छेदात सर्वांत नेटकी असते: दाबामुळे गोलांचे पाच-सहा कोनांचे ठोकळे झालेले, मध्ये भुकटीच्या गडद रेघा. लगड लांबवत गेलात की बाजूच्या तोंडावर हेच ठोकळे ताणून लांबोडे होतात. पहिल्या सुरीला तेवढी नक्षी भरपूर आहे. पीळ द्यायचा असेल तर चौकोनी गज पूर्ण पिवळा तापवून एका दमात द्या. छेदाची नक्षी पात्याच्या तोंडावर आणण्याचे प्रकार पुढे कधीतरी.

सहा इंची स्वयंपाकाच्या सुरीसाठी साधारण ५ मिलिमीटर जाड आणि ३५ मिलिमीटर रुंद पट्टी काढा. टोक आणि मुठीत जाणारी शेपटी ठोकून घ्या, बाकी घासून. कायद्याचंही भान ठेवा: ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची शस्त्रं शस्त्र नियमांच्या कक्षेत येतात, घरगुती आणि शेतीच्या अवजारांना त्यातून सूट आहे. सुरी सुरीसारखीच दिसू द्या.

ठोककाम संपलं की पातं ८७०-९०० अंशांपर्यंत तापवून हवेत निववा, असं तीनदा. ईएन३१ हवेतही थोडं कडक होतं आणि कानस घसरते. अशा वेळी मंद लाल करून भाताच्या तुसाच्या कोरड्या राखेत रात्रभर पुरून ठेवा. तूस घोटीच्या भातगिरण्यांकडे मिळतं आणि त्याची राख उष्णता फार छान धरते. सकाळी पातं लोण्यासारखं नाही, पण ड्रिल जाईल इतपत मऊ होतं.

पाणी पाजण्याआधी, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक करण्याआधी, धारेची बाजू १ मिलिमीटरपेक्षा थोडी कमी जाड ठेवा. ८१५ ते ८३० अंश, त्या तापमानाला आठ-दहा मिनिटं, मग तेल. साध्या पाण्यात बुडवू नका, दोन पोलादं एकमेकांपासून ताणली जाऊन 'टिंग' असा आवाज येतो आणि काम संपतं. ५०-६० अंशांना कोमट केलेलं क्वेंचिंग ऑइल बरं. ते नसेल तर रिफाइंड खाद्यतेल चालतं, वापरलेलं इंजिन ऑइल नको. लोखंडी डबा, आठ-दहा लिटर तेल, शेजारी झाकण. पातं टोकाकडून सरळ आत आणि पुढे-मागे हलवायचं, डावी-उजवीकडे नाही. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली तर जमलं. लगेच २०० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास, थंड, पुन्हा दोन तास.

घरच्या भट्टीवर तापमानाची खात्री नसेल तर सातपूर-अंबडमध्ये हीट ट्रीटमेंटचे जॉबवर्क करणारे आहेत. त्यांना "ईएन३१ आणि कार्बन पोलादाचं मिश्रण, ६० एचआरसीच्या (कडकपणा मोजायचं माप) आसपास" एवढं सांगितलं की कळतं. माझ्या मते पहिल्या पात्यासाठी हा खर्च सार्थकी लागतो.

नक्षी उठवणं

पातं ८०० नंबरच्या पेपरपर्यंत एकाच दिशेने घासा. ओरखडे राहिले तर आम्ल त्यांनाही नक्षीएवढंच ठळक करतं. शेवटी थिनरने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका.

फेरिक क्लोराइड सर्किट बोर्डवाल्यांच्या दुकानात मिळतं. एक भाग द्रावणाला तीन-चार भाग पाणी. भांडं प्लॅस्टिकचं, किंवा एका टोकाला बंद केलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा. नाशिककराच्या घरात तांब्या-पितळेचं भांडं हाताशी असतंच, म्हणून मुद्दाम सांगतो: तांबं हे या द्रावणाचं आवडतं खाणं आहे, आणि स्टीलचा डबाही ते पोखरतं. दहा मिनिटं बुडवा, काढून २००० नंबरच्या पेपरने काळं पुसा, पुन्हा बुडवा. तीन-चार फेऱ्यांत नखाला खोली जाणवायला लागते. भुकटीचा भाग काळपट पडतो, छर्‍यांचा भाग राखाडी आणि थोडा उठावदार. निकेल नसल्यामुळे झगझगीत पांढरी रेघ मिळणार नाही. ती अपेक्षा ठेवून या मालाकडे येऊ नका. जास्त गडद हवं असेल तर दाट, थंड इन्स्टंट कॉफीत पातं दोन-तीन तास उभं ठेवा.

खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारा, धुवा, वाळवा आणि खोबरेल तेलाचा हात द्या. कुणाला विकलंत तर वूट्झ म्हणून विकू नका. दक्षिणेतल्या मुशीतल्या त्या पोलादाची नक्षी आतल्या कार्बाइडच्या रांगांमुळे येते, आपली दोन पोलादांच्या जोडातून येते. गिऱ्हाइकाला हे सांगितलं तर किंमत कमी होत नाही. मूठ बसवताना शेपटीभोवती इपॉक्सी पूर्ण भरा. तिथे पोकळी राहिली तर पावसाळ्यात गंज आतून सुरू होतो. धार शेवटी, १००० आणि मग ३००० नंबरच्या दगडावर.

संपलेलं फेरिक क्लोराइड मोरीत किंवा गटारात ओतू नका, ते शेवटी गोदावरीतच जातं. सोडा घालून फेस थांबेपर्यंत मारा, तांबूस गाळ बसला की तो सुकवून बंद डब्यात भरा आणि एखाद्या कारखान्याच्या घातक कचऱ्यासोबत पाठवायची सोय बघा.